लिफ्टमधला मामा

आमच्या इमारतीत माझे दोन मामा राहायचे. एक आमच्या घरात, चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर. दुसरा लिफ्टमध्ये.

माणूस एकच, पण आवाज दोन. घरातल्या मामाला दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यावा लागायचा. लिफ्टमधला मामा मात्र कायम पस्तिशीतला, भरल्या छातीचा, कधी न दमणारा. "तिसरा मजला," तो म्हणायचा, आणि शेवटच्या 'ला'वर आवाज असा अलगद खाली ठेवायचा, जसं कोणी काचेचं भांडं टेबलावर ठेवतं.

त्याचं असं झालं. इमारत नवी असताना जे फिटर लिफ्ट बसवायला आले, त्यांत मामा होता. मजला सांगणारी एक पेटी लिफ्टला जोडायची होती, आणि कंपनीने पाठवलेल्या पेटीतली बाई भलत्याच भाषेत बोलत होती. सकाळी लिफ्ट सुरू करायची, आणि बाई कोणाला कळेना. मोठ्या साहेबांनी सगळ्या फिटरना एका ओळीत उभं केलं आणि एकेकाला 'तळमजला' म्हणायला लावलं. एक लाजला. एकाला ठसका लागला. तिसऱ्याने असं म्हटलं की तळमजल्यावर कोणी तरी गेलंय असं वाटावं. मग मामाने म्हटलं. साहेब म्हणाले, "हाच. हा नेईल खाली आणि परतही आणेल."

गच्चीवरच्या मोटररूममध्ये उभं राहून मामाने सगळं एका दमात म्हटलं. तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत, मग 'दरवाजा बंद होत आहे', मग 'हात सांभाळा'. एका दमात, हे तो नेहमी ठासून सांगायचा. "मध्ये श्वास घेतला असता तर तो पेटीत उतरला असता. आणि लिफ्टने श्वास घेतलेला लोकांना आवडत नाही."

पुढे आईने याच इमारतीत घर घेतलं. लोक घर घेताना उजेड बघतात, पाणी बघतात. आई म्हणाली, लिफ्ट आपल्या दादाची आहे, बास.

मामाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी लहान होतो. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, छातीनेच गेले होते, त्यामुळे घरात कोणाला फार आश्चर्य वाटलं नाही. बायपास झाली. काही वर्षं बरी गेली. मग ज्या नव्या वाटा काढल्या होत्या त्याही बुजल्या. मामाच्या स्वतःच्या घराला लिफ्ट नव्हती, म्हणून आई त्याला इकडे घेऊन आली. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी लिफ्ट लावल्या आणि स्वतः जिन्याच्या घरात राहिलो, हा त्याचा आवडता विनोद होता. तो अर्ध्यावर थांबायचा आणि जिभेखाली गोळी ठेवून उरलेला अर्धा सांगायचा.

दुखण्याला तो 'पाहुणे' म्हणायचा. "पाहुणे आलेत. दोन मिनिटं." बोलता बोलता उजवा हात छातीवर सपाट ठेवायचा, मान किंचित डावीकडे, डोळे कुठेतरी लांब. पाहुणे जाईपर्यंत आम्हीही गप्प बसायचो.

डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं होतं. म्हणून रोज दुपारी तो एक मजला जिन्याने उतरायचा आणि परत चढायचा. कोणी ठरवलं कुणास ठाऊक, पण आमच्या इमारतीचा सूचनाफलक तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आहे. तिथे कोणी थांबत नाही, त्यामुळे सूचना कोणी वाचत नाही. मामा वाचायचा. छातीत कळ आली की तो फलकापुढे उभा राहायचा आणि गच्चीवरची टाकी धुण्याची सूचना वाचायचा. टाकी धुऊन वर्ष उलटलं होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की गृहस्थ वाचतोय, दुखत नाहीये. मी म्हणायचो, मामा, परीक्षा आहे का टाकीवर? तो म्हणायचा, "प्रश्न नेमका तोच येतो रे. बघ तू."

त्याची एकच इच्छा होती. लिफ्ट सहाव्यापर्यंत जाते. तिथून गच्चीचा जिना, आणि गच्चीवरून मोटररूमला एक उभी लोखंडी शिडी. त्या शिडीवरून एकदा वर जायचं, मोटरवर हात ठेवायचा आणि वंगणाचा वास घ्यायचा. तो म्हणायचा, माणसं डोंगर बघायला जातात, मला एवढंच द्या.

त्याच वर्षी माझा आवाज फुटला.

नकला मी आधीपासून करायचो. पहिल्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचं प्रत्येक वाक्य गुडघ्यापासून सुरू होऊन गुडघ्यापाशी संपतं. आमचे सेक्रेटरी, जे 'मी काय म्हणतो' म्हणून सुरू करतात आणि पुढे काहीच म्हणत नाहीत. पण हे सगळे मी बारीक आवाजात करायचो, खेळण्यातल्यासारखे. मग काही महिने घशात बेडूक होता. आणि एक दिवस फोन वाजला, मी "हॅलो" म्हटलं, आणि पलीकडून काकू म्हणाल्या, "आज आवाजात जोर आहे हो तुमच्या. बरं वाटतंय ना? माझा गुडघा बघा कसा."

मी पुन्हा "हॅलो" म्हणून बघितलं. मामाचा आवाज होता. आत्ताच्या मामाचा नव्हे, लिफ्टमधल्या.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "हा आमच्या वडिलांचाही होता." मामा पलंगावरून म्हणाला, "घराण्यात दोनच गोष्टी उतरतात आमच्या, एक हा आवाज." दुसरी कोणती ते कोणी बोललं नाही.

मला तर घबाड मिळालं. काकू वरून घरी निघाल्या की मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायचो, गुपचूप दोन दाबायचो, त्यांच्या मागे उभा राहायचो आणि दुसऱ्या मजल्यावर दार उघडायच्या आत म्हणायचो, "पहिला मजला." काकू बाहेर पडायच्या. दार बंद होताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मामाला सांगितलं की तो हसायचा, मग पाहुणे यायचे, मग आई मला ओरडायची.

नव्या औषधाच्या चाचणीचं त्याच सुमारास निघालं. मोठ्या रुग्णालयातले ते डॉक्टर प्रत्येक वेळी "थोडक्यात सांगायचं तर" असं सुरू करतात आणि चहा गार होईपर्यंत बोलतात. माणूस भला आहे. तो सगळा प्रसंग मी अजूनही करून दाखवतो.

"थोडक्यात सांगायचं तर, तुमच्या हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांत आता फुगा घालायला जागा नाही, नवीन शिवायला जागा नाही आणि गोळ्या वाढवायलाही जागा नाही. पण हृदयाचा काही भाग मेलेला नाहीये, तो नुसता उपाशी आहे. तिथे आम्ही एक जनुक सोडणार. जनुक म्हणजे काय, तर सूचना. ती सूचना पेशींना सांगते, इथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटू द्या."

"सूचना वाचतं कोण पण," मामा म्हणाला.

आई म्हणाली, "दादा."

"नाही, विचारतोय. आमच्या जिन्यातल्या कोणी वाचत नाही."

डॉक्टर हसले. "एका विषाणूच्या पाठीवर बसवून पाठवतो. आजार करणारा भाग त्याच्यातून काढून टाकलेला असतो. तो पेशीच्या आत जातो आणि सूचना तिथे ठेवून येतो. पेशींनी ऐकलं तर ठीक, नाहीतर नाही, म्हणून तर चाचणी. आणि अजून एक. काहींना खरं औषध मिळेल आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय ते संगणक ठरवणार. तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही, शेवटपर्यंत."

मामाने थोडा विचार केला. "म्हणजे लिफ्टमध्ये बसायचं, आणि आतले मजल्यांचे दिवे बंद."

"अगदी," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला त्यांनी हेच सांगितलं असणार.

नळी मांडीच्या सांध्यातून आत घालून हृदयापर्यंत नेली. मामा जागा होता. पडद्यावर त्याला त्याचं हृदय दिसत होतं, नकाशासारखं रंगवलेलं. कुठला भाग जिवंत, कुठला उपाशी, ते बघून बघून सुई टोचत होते. "कोंबडी दाणे टिपते ना, तसं," मामा म्हणाला. "आतून." तिथल्या सिस्टर सगळं गाण्यासारखं बोलतात, "झाऽलं हं, आता एकच, बघा आलंच," आणि मामाने त्यांना विचारलं, औषध आहे का पाणी? सिस्टर म्हणाल्या, "मलाही माऽहीत नाही हो." मी हे करतो तेव्हा आई अजून हसते.

पहिले काही आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी मामा एक मजला उतरून परत चढून आला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "मी वाचायला विसरलो."

"काय?"

"टाकीचं."

हळूहळू तो दोन मजले करायला लागला, मग तळापासून वर. रुग्णालयात त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवून बघायचे. पूर्वी तो लगेच हात वर करायचा. आता सिस्टर म्हणाल्या, "उतरा हो आता, मागे लोक आहेत." डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं की फार चांगलं आहे, पण कशामुळे ते सांगता येणार नाही. आई घरी येऊन ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच भांडं घासत राहिली.

आणि एका सकाळी मामा शिडी चढला. मी खालून शिडी धरली होती. तो मोटररूममध्ये गेला, मोटरवर हात ठेवला आणि डोळे मिटून वंगणाचा वास घेतला. मला म्हणाला, "ये, हा वास घे." मी घेतला. मला शिंक आली. मामाला ते फार लागलं.

त्या दिवशी खाली उतरताना मी लिफ्टने आलो. मामा जिन्याने गेला, शीळ घालत. लिफ्ट म्हणाली, "पाचवा मजला." आणि त्याच्या आधी, अगदी हलका, एक श्वास होता.

तो आवाज मी पाठ केलेला होता. त्याच्यात कुठे धार आहे, कुठे गोलाई आहे, सगळं मला ठाऊक होतं. त्यात श्वास कुठेच नव्हता. मी पुन्हा वर गेलो, पुन्हा ऐकलं. होता.

जेवताना मी तो तसाच काढून दाखवला. आधी श्वास, मग "पाचवा मजला." मामाचा हात ताटावर थांबला. "हे कुठून आणलंस?"

"लिफ्टमधून."

"पेटी जुनी झाली असेल." तो जेवायला लागला. मग म्हणाला, "परत काढ." मी काढला. "हा माझा आत्ताचा श्वास आहे," तो म्हणाला.

पुढच्या काही आठवड्यांत मामा जसजसा सुधारत गेला तसतशी लिफ्ट बिघडत गेली. वर-खाली चालायची व्यवस्थित, फक्त आवाज. "तिसरा," म्हणायची, मग थांबायची, मग "मजला." "दरवाजा बंद," आणि इतका वेळ काही नाही की दरवाजा लागून लिफ्ट निघायची, आणि मग भिंतीतून दमलेलं "होत आहे." काकू म्हणाल्या, "बिचारी थकल्यासारखी वाटते हो लिफ्ट. माझ्या गुडघ्यासारखी." सेक्रेटरी म्हणाले, "मी काय म्हणतो," आणि सगळ्यांनी वाट बघितली.

मला एक गोष्ट सोडत नव्हती. सकाळी, मामा झोपलेला असताना, लिफ्ट एकदम ठणठणीत असायची. म्हणून एका दुपारी मामा खाली पेपर आणायला निघाला तेव्हा मी आधीच तळमजल्यावर जाऊन लिफ्टपाशी थांबलो. मामा आला, पेपर काखेत मारला आणि शीळ घालत जिना चढू लागला. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि चार दाबला. आमची लिफ्ट संथ आहे आणि मामा आता भराभर चढत होता. जिना आणि लिफ्ट यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्याची शीळ माझ्या बरोबरीने भिंतीपलीकडून वर येत होती.

"पहिला मजला." एक श्वास.

"दुसरा," मग बराच वेळ, मग "मजला."

"तिसरा."

मजला आलाच नाही. लिफ्ट तिसरा सोडून वर निघाली आणि मध्येच उभी राहिली. दाराच्या काचेतून नुसती भिंत दिसत होती. पलीकडे मामाची शीळ वळणावरून, फलकापाशी न थांबता, वर जात होती. आणि माझ्या डोक्यावरच्या जाळीतून आवाज आला, अगदी जवळून, अगदी हळू.

"पाहुणे आलेत. दोन मिनिटं."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. हे पेटीत नव्हतं. हे मामाने पस्तिशीत म्हटलेलं असणं शक्यच नव्हतं, तेव्हा पाहुणे नव्हतेच. जाळीतून श्वास येत होता, जात होता. मी काही बोललो नाही. आम्ही कधीच बोलायचो नाही, पाहुणे जाईपर्यंत. मग लिफ्ट हलली. चौथ्यावर दार उघडलं, समोर मामा उभा, पेपर काखेत. "काय रे पोपट, पांढरा का पडलास?"

मी त्याला शब्दांत सांगितलं नाही. मी ते काढून दाखवलं, जसंच्या तसं.

मी खोटं बोलतोय का, हे त्याने विचारलं नाही. मी जे ऐकतो तेच काढतो, हे त्याला माहीत होतं. त्याने मला खिडकीपाशी बसवलं आणि विचारलं, "लिफ्ट वर कशी जाते?"

"मोटरने."

"सगळ्यांना तसंच वाटतं. निम्मं काम वजन करतं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन टांगलेलं असतं, ते खाली येतं म्हणून आपण वर जातो. भिंतीच्या आत असतं ते. चढणाऱ्याला कधी दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा टाक."

पण त्या दिवसापासून तो जिना टाळायला लागला. आईने दोन-तीन दिवस बघितलं आणि विचारलं, "दादा, दुखतंय का परत?"

"नाही गं."

"मग बसून का आहेस?"

"त्याला दम लागतो."

"कोणाला?"

मामाने लिफ्टच्या दिशेने मान हलवली. आईने हातातला टॉवेल खुर्चीवर टाकला. "पेटीची काळजी करतोस तू? तुझं दुखणं गेलंय ना, मग ते कुठे गेलं याची चौकशी कशाला? पेटीला लागतोय दम तर लागू दे. पेटीला ना बहीण आहे ना भाचा."

मामा म्हणाला, "आवाज माझाच आहे गं तो."

आई म्हणाली, "मग माझं ऐक, काढूनच टाक ती."

इमारतीतही तेच चाललं होतं. लोकांनी एकट्याने लिफ्टमध्ये जाणं सोडलं होतं. सेक्रेटरींनी शेवटी वाक्य पूर्ण केलं, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं बघा: "मी काय म्हणतो, नवीन पेटी बसवू." कंपनीचा मेकॅनिक आला, एके काळी मामाच्या हाताखाली शिकलेला. त्याने जुनी पेटी तपासली आणि डोकं खाजवलं. तारा ठीक, चिप ठीक, स्पीकर ठीक. म्हणाला, नव्या पेटीत आवाज भरायचा आहे, कोणाचा भरू?

काकू म्हणाल्या, "अहो घरात आहे की. आपला पोपट."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथेच, तळमजल्यावर उभा राहून, तळापासून सहाव्यापर्यंत, दरवाजा आणि हात, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतका खूश कधीच नव्हतो. माझा आवाज रोज सगळ्या इमारतीला वर-खाली नेणार होता, आणि काकूंना भलत्या मजल्यावर उतरवायला मला मागे उभं राहायचीही गरज उरणार नव्हती.

मामा एकटाच टाळ्या वाजवत नव्हता. पण नको असंही म्हणाला नाही. जुनी पेटी गेली की सगळं मिटेल, असं त्यालाही वाटलं असेल. सात-आठ वर्षांनी त्याला कुठेही न थांबता चालता येत होतं. कोणालाही तसं वाटलं असतं.

आवाज भरायला आम्ही मोटररूममध्येच गेलो. मामा म्हणाला, तिथे भिंती जाड आहेत. जुनी पेटी सुटी करून खाली ठेवली होती. मी एका दमात म्हटलं. मेकॅनिकने ते नव्या पेटीत घातलं, पेटी जोडली, बटण दाबलं, आणि माझ्याच तोंडून निघालेला मामाचा आवाज म्हणाला, "तळमजला." स्वच्छ, गोल, एकही श्वास नाही. मामा पहिल्यांदा हसला. मला म्हणाला, "जा, सेक्रेटरींना बोलावून आण, ऐकू दे त्यांनाही."

लिफ्ट बंद होती. मी उड्या मारत तळाला गेलो. सेक्रेटरी म्हणाले, मी काय म्हणतो, तू हो पुढे. मी परत वर निघालो.

पुढचं मला नीट सांगायचं आहे. मी पळत चढत होतो. मग चालत. मग मी फलकापाशी उभा होतो आणि वाचत होतो. गच्चीवरील टाकी धुण्यात येणार असल्यामुळे सर्व सभासदांना कळवण्यात येते की. त्याच्यापुढे माझे डोळे जात नव्हते, मी पुन्हा पहिल्यापासून वाचत होतो. डावा हात भरलेल्या पिशवीसारखा लटकत होता. उजवा छातीवर सपाट होता, मान किंचित डावीकडे. मला वाटलं मी मामाची नक्कल करतोय. पण बघायला कोणी नव्हतं. बघायला कोणी नसताना मी कधीच नक्कल करत नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. वरून पावलं आली आणि मामा वळणावर थांबला.

"काय वाचतोयस?"

"टाकी धुणार आहेत."

तो खाली आला. त्याने माझ्या छातीवरच्या हातावर आपला हात ठेवला. "हा कोणी ठेवला इथे?"

"तूच ठेवायचास ना," मी म्हणालो, आणि मध्ये मला श्वास घ्यावा लागला.

मामाने मला पायरीवर बसवलं, भिंतीला टेकवलं. म्हणाला, "हलू नकोस. बोलू नकोस. पाहुणे माझे आहेत, मी नेतो." आणि वळून चढायला लागला. त्याची पावलं मला ऐकू येत होती, चौथा, पाचवा, सहावा, गच्ची, एका लयीत, कुठेही न थांबता. घाईत असूनही तो घाई करत नव्हता. आता कळतं, तो ते चढणं चवीने चढत होता.

मग लोखंडी शिडी वाजली.

जे मला दिसलं नाही ते मेकॅनिकने नंतर सांगितलं. मामा आत आला आणि म्हणाला, पोराचा आवाज पूस, माझा भर. मेकॅनिक म्हणाला, अहो काका, इतका सुंदर आलाय. मामा म्हणाला, पूस आधी, मग बोल. मेकॅनिकने पुसला. मामाने मोटरवर हात ठेवला आणि सुरुवात केली. तळमजला नीट गेला. पहिला गेला. दुसऱ्याला आवाज जड झाला. "तिसरा," तो म्हणाला, आणि थांबला, आणि उजवा हात मोटरवरून उठून छातीवर गेला.

इकडे पायरीवर माझ्या छातीवरून कोणीतरी उठून गेलं. आपण जागा अडवून बसलोय हे लक्षात आल्यावर पाहुणा उठतो ना, तसं, थोडं ओशाळून.

वर मामाने श्वास घेतला आणि म्हटलं, "मजला." मग सहाव्यापर्यंत सगळं म्हटलं. मेकॅनिकने विचारलं, "काका, मधला श्वास कापून टाकू? लगेच होईल."

"राहू दे," मामा म्हणाला. "माझाच आहे." आणि मोटररूमच्या उंबऱ्यावर बसून त्याने जिभेखाली गोळी ठेवली.

आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. चहा त्याच्यासमोर ठेवायची आणि जायची. मग एक दिवस तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं, आणि त्या दिवशी मामाच्या चहात साखर नीट होती.

पट्ट्यावर मामा पुन्हा लगेच हात वर करायला लागला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. काही महिन्यांनी चाचणी संपली, संगणकाने कोणाला काय ते सांगितलं, आणि डॉक्टरांनी मामाला बोलावून पहिल्यांदाच खरोखर थोडक्यात सांगितलं: "तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं."

मामा इतका हसला की सिस्टर आत आल्या.

डॉक्टर म्हणाले, यात काही आश्चर्य नाही. माणसाला बरं वाटेल असं मनाने घेतलं की काही काळ खरंच बरं वाटतं, निम्म्याहून जास्त लोकांचं असं होतं, म्हणूनच मिठाचं पाणी द्यावं लागतं. मामाने मान डोलावली. परत येताना मला म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. फक्त, मी मोकळा चढत होतो तेव्हा ओझं कोणी उचललं होतं, ते त्यांच्या पट्ट्यावर येत नाही."

ज्यांना पाणी मिळालं त्यांना आता हवं असेल तर खरं औषध देणार होते. मामाने लगेच हो म्हटलं. आईने विचारलं, "आणि परत काही झालं तर?" मामा म्हणाला, "या वेळी ओझं कोणाच्या गळ्यात जाणार नाही. या वेळी वाट रुंद करतायत. करू दे."

मी नकला करतो अजून. डॉक्टरांची करतो, सिस्टरची करतो, सेक्रेटरींची करतो. काकूंची करतो, पण जिन्यात नाही, आणि गुडघा जपून. मामाची करत नाही. फोन घेतला की आधी माझं नाव सांगतो.

औषधाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो. आईच्या हातात पिशवी, माझ्या हातात चादर. मी तळमजल्याचं बटण दाबलं.

"दरवाजा बंद," लिफ्ट म्हणाली, आणि थांबली.

आता सगळ्या इमारतीला त्या थांबण्याची सवय झाली आहे. लोक बोलायचे थांबतात, काकूसुद्धा. आम्हीही थांबलो. वर जाळीत श्वास घेतला गेला, आणि माझ्या शेजारी मामानेही घेतला, अगदी त्याच वेळी, तेवढाच लांब. दोघांत केसाइतकाही फरक नव्हता. मी कान देऊन ऐकत होतो.

"होत आहे," लिफ्ट म्हणाली.

"येतो," मामा म्हणाला.